पाच सिस्टर पळाल्या, सहावीला बांधून ठेवू का?

गडचिरोली जिल्ह्यातून आलेलं पत्र असं आहे (थोडं कापलंय, गावांची नावं काढलीत):

"नमस्कार सिस्टरबाई, मी अहेरीकडचा. माझी सिक्युरिटी गार्ड आन् हाऊसकीपिंगची माणसं पुरवायची एजन्सी आहे, तीसेक माणसं आहेत. मागच्या वर्षी एका ट्रस्टनं एटापल्ली आन् भामरागड तालुक्यातल्या चार दवाखान्यांसाठी नर्स पुरवायचं काम दिलं. एका दवाखान्यात एक नर्स, एक मदतनीस बाई, चोवीस तास. ट्रस्ट मले एका नर्समागं महिन्याले २६ हजार देते, मी पोरीच्या हातात १८ हजार देतो. जाहिरात टाकली का फोन लय येतात पण जॉईन झाली का दोन महिन्यात पळते. आठ महिन्यात पाच गेल्या. एक तं दिवाळीले गेली ते आलीच नाही, फोन बंद. ट्रस्टवाले म्हणून राहिले का दवाखाना बंद दिसला तं बिल कापू. पगार मी बिल पास झाल्यावर देतो, त्याले कधी दीड महिना लागते, माझ्या खिशातून किती घालू? मित्र म्हणते का ५० हजाराचा बॉन्ड लिहून घे आन् ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घे, मंग कशी जाते पाहू. मी वाईट माणूस नाही, पण धंदा बुडून राहिला. काय करू?"

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू, बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली मी. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की हा माणूस निदान विचारून तरी राहिला, नाहीतर बाकीचे सरळ सर्टिफिकेट कपाटात टाकतात आणि कुलूप लावतात.

तर पहिले तेच संपवते. सर्टिफिकेट ठेवायचं नाही. मार्कशीट, डिप्लोमा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, एकही ओरिजिनल कागद तुमच्याकडे नको. ओरिजिनल पाहायचं, झेरॉक्सवर तिची सही घ्यायची आणि ओरिजिनल तिथल्या तिथं परत द्यायचं. पाहायचं मात्र नीट, रजिस्ट्रेशन चालू आहे का, रिन्युअल झालंय का, आणि सिरोंचा-अहेरीकडच्या बऱ्याच पोरी तेलंगणात शिकतात तर त्यांचं रजिस्ट्रेशन इकडच्या कौन्सिलला झालंय का, हे जॉईन व्हायच्या आधी बघा, नंतर नाही.

बॉन्डचं म्हणाल तर ५० हजार लिहून घेतले म्हणजे ५० हजार भेटतात असं नसते. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम ७४ आहे, कागदावर आकडा काही का असेना, कोर्ट वाजवी भरपाई देते आणि तो आकडा ही त्याची वरची हद्द. तुमचं वाजवी नुकसान काय झालं ते दाखवावं लागेल, आणि तुम्ही त्या पोरीला ट्रेनिंग दिलंय का काही? नाही ना. मग अठरा हजारवालीच्या मागं वकील लावून काय हाती येणार. एक महिन्याची नोटीस दोन्हीकडून, एवढं लिहा करारात, बस. आणि समजा अडवलीच तुम्ही तिला कागद ठेवून, ती राहील, रजिस्टरवर सही करेल, पण रात्री दोनला कोणी बाजेवर बाई घेऊन आलं आणि दार वाजवलं तर जी मनानं कधीच गेलेली आहे ती उठेल का, उठली तरी तिचं लक्ष लागेल का? मला अशा सिस्टरची भीती वाटते.

आता तुमच्या पत्रातली खरी ओळ, जी तुम्ही सहज लिहून पुढे निघून गेले. "एका दवाखान्यात एक नर्स, चोवीस तास."

भाऊ, तुम्ही गार्ड पुरवता. चोवीस तासाच्या पॉईंटवर किती गार्ड लावता? आठ-आठ तासाचे तीन, कंजूष पार्टी असली तर बारा-बारा तासाचे दोन, आणि वरून साप्ताहिक सुट्टीचा एक रिलीव्हर. एकच माणूस चोवीस तास उभा करतो म्हटलं तर तुम्हीच त्या पार्टीला हसाल. गेट राखायला तीन माणसं लागतात, आणि जिथं डिलिव्हरी होते, साप चावलेला येते, तापानं फणफणलेलं पोर येते, तिथं एक पोरगी चोवीस तास? काहून?

मदतनीस बाई आहे म्हणाल. असेल, आणि गावातली असेल तर फार कामाची असेल, पण ती नर्स नाही.

माझं सांगते. नव्वदच्या दशकात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची सिस्टर, म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते, पोस्टिंग भेटली जंगलातल्या एका उपकेंद्रावर, तालुका नाही सांगत. क्वार्टरच्या मागच्या दाराला कडी नव्हती. अर्ज केला, मग परत केला, वर्षभर कडी काही आली नाही, शेवटी गावातल्या सुताराकडून लाकडाचा अडसर करून घेतला माझ्या पैशानं. लोकांना वाटते सिस्टर नक्षलला भिते, वाघाला भिते, जंगलाला भिते. घरच्यांना वाटायची ती भीती. माझी भीती वेगळी होती. पावसाळ्यात एका रात्री डिलिव्हरी झाली, पोर बाहेर आलं पण रडेना, निळंजांभळं, आणि इकडे आईला रक्त जाऊन राहिलं थांबतच नाही. आता सांगा, बाईचं गर्भाशय चोळू, इंजेक्शन भरू, का पोराला अँबू बॅगनं श्वास देऊ? हात दोनच. पोराजवळ पहिल्या मिनिटात पोचावं लागते आणि रक्तस्राव पण वाट पाहत नाही. त्या रात्री गावची सुईणबाई होती म्हणून निभलं, तिला मी ओरडून सांगत होते आणि ती अर्धं माडिया बोलीत मलाच काहीतरी ओरडून सांगत होती, कंदील तिच्या नवऱ्यानं दाराबाहेरून आत तोंड फिरवून धरला होता (त्याला आत यायची लाज). पोर रडलं. मी सकाळी विहिरीजवळ बसून रडले, आणि पुढचे सहा महिने बदलीचा अर्ज पर्समध्ये घेऊन फिरले. दिला नाही तो, कारण त्यानंतरच्या महिन्यात तिथं दुसरी सिस्टर आली. बाकी काही बदललं नव्हतं, पगार तोच, कडी तीच, साप तेच.

म्हणून म्हणते, तुमच्या पाच पोरी जंगलाला घाबरून नाही पळाल्या. जोडीला कोणी नव्हतं म्हणून पळाल्या. जोडी पाठवा. एकटी पाठवू नका, कितीही हुशार असली तरी नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई तुमचं बोलणं गोड आहे पण पैसा? करू हिशोब, तुम्ही धंदेवाले आहात.

चार दवाखाने, जोडी म्हणजे आठ नर्स. एका पोरीला वर्षात ५२ साप्ताहिक सुट्ट्या, आणि सण-आजारपण-रजा धरून अजून २० दिवस तरी, म्हणजे ७२ दिवस ती नाही. आठ जणींचे झाले ५७६ दिवस. एक रिलीव्हर वर्षात २९३ दिवस काम करेल, तर दोन रिलीव्हर लागल्या. एकूण दहा. २६ हजारानं महिन्याला २ लाख ६० हजार, आज ट्रस्ट देऊन राहिला १ लाख ४ हजार. ट्रस्टवाले हा आकडा ऐकून चहा पण पाजणार नाहीत तुम्हाला, मला माहीत आहे.

मग दुसरा हिशोब घेऊन जा. चारपैकी दोनच दवाखाने चोवीस तासाचे ठेवा. दोन जोड्या, चार नर्स, त्यांच्या सुट्ट्यांचे २८८ दिवस, ते एका रिलीव्हरमध्ये बरोबर बसतात. पाच नर्स, १ लाख ३० हजार. आजच्यापेक्षा २६ हजारच जास्त, म्हणजे एका नर्सचे. उरलेल्या दोन गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी गाडी न्या, बाजाराला आजूबाजूच्या सगळ्या टोल्यांवरचे (वस्त्यांवरचे) लोक येतातच. ठरलेला वार, ठरलेलं झाड किंवा ठरलेली खोली, आणि तो वार चुकवायचा नाही, कारण एकदा माणूस बारा किलोमीटर चालत आला आणि दाराला कुलूप दिसलं तर तो परत नाही येत, आधी पुजाऱ्याकडे, म्हणजे झाडफूकवाल्याकडे, जाते आणि मग तुमच्याकडे येते ते शेवटच्या घटकेला. गाडीवर कोण जाईल? जोडीतल्या एकीनं दिवसापुरतं जायचं, दुसरी दवाखान्यात, त्या वारी त्या जोडीत कोणाची सुट्टी ठेवायची नाही, म्हणजे रोस्टर आधी लिहून ठेवावं लागेल, तोंडी नाही चालत. ट्रस्टच्या बोर्डावर चार दवाखाने लिहिलेत म्हणून त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या. आज त्यांचे चार आहेत असं ते म्हणतात, पण तुमच्याच पत्रावरून दिसते की आठ महिन्यांत त्यातला एखादा बंदच असतो.

सरकारी हिशोबात तरी काय आहे, सपाटीवर ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि आदिवासी-डोंगरी भागात ३ हजाराला. ऐकायला बरं वाटते. पण आपल्याकडे ते ३ हजार लोक एका गावात नसतात, दहा-पंधरा टोल्यांवर पसरलेले असतात आणि मध्ये नाले. म्हणून आकडा कमी दिसला तरी पाय जास्त लागतात.

पगाराचं. हे थोडं कडू लागेल. २६ हजारातून १८ हजार पोरीला, मग बाकीचे आठ कुठं जातात? तुमच्या पत्रात पीएफचा शब्द नाही. तीस माणसांची एजन्सी आहे म्हणता, वीस माणसं झाली की पीएफ लागतोच. १५ हजाराच्या मर्यादेवर धरला तरी तुमच्या बाजूचा १२ टक्के आणि वरचा विमा-ॲडमिन मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. तो काढूनही एका नर्समागं ६ हजार उरतात, चारींचे २४ हजार. यातून जाहिरात, जाण्यायेण्याचं पेट्रोल, तुमचा खर्च निघतो हे मान्य. पण दर दोन महिन्याला नवीन पोरगी शोधणं, तिला सोडायला जाणं, मधले रिकामे दिवस आणि कापलेलं बिल, हे सगळं त्याच सहा हजारातून जाते भाऊ. टिकलेली नर्स तुम्हाला स्वस्त पडते, पळालेली महाग. धंदा तिथं बुडून राहिला.

आणि पगार सात तारखेच्या आत. बिल पास होवो न होवो. बिल हा तुमचा आणि ट्रस्टचा व्यवहार आहे, त्या पोरीचा नाही. ती घरी पैसे पाठवते, भावाची फी भरते, तिला दीड महिना उधारीवर ठेवून तुम्ही म्हणता फोन बंद करून गेली. मी पण केला असता बंद. पाच नर्सचा महिन्याचा पगार ९० हजार, दोन महिन्यांचा १ लाख ८० हजार, एवढी रक्कम हाताशी असल्याशिवाय हे कंत्राट घेऊच नये, नसेल तर ट्रस्टकडून दोन महिन्यांचा ॲडव्हान्स मागा आणि करारातच टाकून घ्या. ट्रस्टला हेही आठवण करून द्या की कंत्राटदारानं पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे इथं ट्रस्टवर, येते, कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून हे चालत आलंय. ते ऐकून त्यांचं बिल पास करणारं टेबल थोडं जोरात चालू लागेल, बघा तुम्ही.

आता त्या पोरींना नेमकं करायचं काय हे तुम्ही सांगितलंय का? मला वाटते नाही. "दवाखाना सांभाळ" एवढंच सांगितलं असेल. नर्स डॉक्टर नाही, आणि तिला डॉक्टर बनवून बसवलं तर उद्या काही झालं तर गाव तिला धरेल आणि पोलीस पण तिलाच. ट्रस्टकडून एका रजिस्टर्ड एमबीबीएस डॉक्टरची सही असलेले लेखी आदेश घ्या, एक-एक पानाचे, मराठीत. ताप आला तर बोटातून रक्त घेऊन मलेरियाची किट लावायची, पॉझिटिव्ह निघाला तर सरकारी चार्टप्रमाणे वय बघून डोस, गरोदर बाईला प्रायमाक्विन नाही, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) त्याच दिवशी कळवायचं. साप चावला तर काय आणि किती वेळात कुठं रेफर. इथं एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) ठेवायचं का नाही हे डॉक्टरनं ठरवावं, कारण सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल लागतात, रिॲक्शन आली तर ॲड्रिनॅलिन हाताशी लागते आणि ते कोणी शिकवलेलं नसलं तर घोणस बरी असं व्हायची वेळ येते. डिलिव्हरी करायची का? करायची असेल तर त्याची परवानगी, नोंदणी, दवाखान्याच्या कचऱ्याची सोय हे ट्रस्टनं बघायचं, तुम्ही ते पाहिल्याशिवाय पोरीला लेबर टेबलजवळ उभी करू नका.

आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर. मार्च २०२० पासून टेलिमेडिसिनचे नियम आलेत, त्यात नर्स पेशंटजवळ बसून डॉक्टरशी बोलू शकते, सल्ला घेऊ शकते, लिहून ठेवू शकते. पण रेंज पाहिजे! तुमच्या चार गावांत कुठं रेंज येते हे तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंय का? आमच्याकडे एक टेकडी होती, तिच्यावर एक मोहाचं झाड, त्या झाडाखाली उभं राहिलं की दोन काड्या यायच्या, सगळं गाव त्या झाडाला टॉवरच म्हणायचं. जिथं रेंज नाही तिथं चोवीस तासाचा दवाखाना ठेवू नका, दोन गावं निवडताना हीच पहिली परीक्षा लावा. दुसरी परीक्षा पाण्याची, क्वार्टरमध्ये पाणी आणि संडास आहे का. तिसरी, दाराला आतून कडी (हसू नका).

कोणाला घ्यायचं हे विचारलं नाही तुम्ही, तरी सांगते. नागपूर-वर्ध्याच्या जाहिराती बंद करा. अहेरी, एटापल्ली, धानोरा, कोरचीकडच्या किती पोरी एएनएम-जीएनएम होऊन नागपुरातल्या हॉस्पिटलमध्ये नाईट करून राहिल्या, रूमभाडं देऊन हातात काय उरते त्यांच्या. त्यांना परत बोलवा. प्रत्येक जोडीत एक तरी माडिया किंवा गोंडी बोलणारी पाहिजेच. भाषा नाही आली तर सिस्टर विचारते "पोटात दुखते का" आणि बाई मान हलवते, ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून हे कळायला दोन वर्षं जातात. आणि बाई जर कुर्माघरात (पाळीच्या दिवसांत वेगळं राहायची झोपडी) असेल तर ती दवाखान्यात येणारच नाही, तिथं सिस्टरनं जायचं असते, तोंड न वाकडं करता. हे बाहेरच्या पोरीला शिकवावं लागते, इकडच्या पोरीला माहीत असते. फक्त तिला तिच्या स्वतःच्या गावात नका टाकू, तिथं ती सिस्टर होत नाही, कोणाची तरी लेक आणि कोणाची तरी वहिनीच राहते, शेजारच्या गावात टाका.

गावातल्या बायांवर भरवसा ठेवा हे मी काही हवेत सांगत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात आपल्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत तिथल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं, जगानं वाचलं. त्या आरोग्यदूत बायांकडे डिप्लोमा नव्हता. त्या गावात राहत होत्या आणि पाठीशी कोणीतरी होतं, दर काही दिवसांनी येऊन बघणारं, शिकवणारं. तुमची मदतनीस बाई आहे ना, तिला झाडू-पोछ्यापुरती ठेवू नका.

सरकारी सिस्टर आणि आशाताई यांना भेटलात का? नसाल भेटले तर उद्याच जा, पोरींना सोबत घेऊन. ती उपकेंद्राची एएनएम पण बहुतेक कंत्राटीच असेल, ११ महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा ब्रेक, परत ऑर्डर, दहा-दहा वर्षं अशीच. तिला वाटते ट्रस्टवाले आले, आता माझं लसीकरण, माझ्या डिलिव्हरी, माझं टार्गेट हे लोक पळवतील. बसून ठरवा, डिलिव्हरीची नोंद कुठं, लस कोण देणार, टीबीचा पेशंट सापडला तर कोणाला कळवायचं. तिचं-तुमचं पटलं तर अडीनडीला तीच तुमच्या पोरींची तिसरी जोडीदार होते, नाही पटलं तर गावात दोन तट पडतात आणि पेशंट तिसरीकडे जाते.

पावसाळ्याचं आत्ताच बघा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तुम्हाला मी काय सांगू. मे महिन्यात, तेंदूपत्त्याची गडबड उरकली की पोरींनी गावोगाव फिरून जुलै ते सप्टेंबरमध्ये कोणाकोणाच्या तारखा आहेत त्याची यादी करायची आणि जोखमीच्या बाया आधीच माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायची सरकारी खोली) किंवा ग्रामीण रुग्णालयाजवळ नेऊन ठेवायच्या. बाया लवकर तयार होत नाहीत, घरी कोंबड्या कोण बघेल, रोवणं कोण करेल, हे बोलणं तीन-तीन फेऱ्या चालते. एकटी नर्स हे करूच शकत नाही, ती फिरायला गेली की दवाखाना बंद आणि तुमचं बिल कट. आणि किराणा, औषधं, सिलेंडर, तीन महिन्यांचं जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचलं पाहिजे, त्यातलं अर्धं नव्हे, सगळं.

लग्न-बाळंतपणाचं पण सांगून ठेवते, कारण कंत्राटदार लोक हळूच विचारतात मला. पोट दिसायला लागलं की कमी करून टाकायचं, असं नाही करता येत. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असलं की पहिल्या दोन लेकरांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी सुट्टी तिचा हक्क आहे. ते पैसे कुठून आणायचे हे ट्रस्टशी बोलताना दरातच धरा. आणि लैंगिक छळाची तक्रार कोणाकडे करायची ते पहिल्या दिवशी तिला सांगा, दहाच्या वर माणसं आहेत तुमची म्हणजे २०१३ च्या कायद्यानं तुमच्याकडे समिती पाहिजे, तिच्यात बाई अध्यक्ष. "आमच्याकडे असं काही होत नाही" हे वाक्य मी बत्तीस वर्षांत इतकं ऐकलंय की ते ऐकलं की मला उलट संशय येतो.

अजून एक छोटं काम. महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः जा. हजेरी तपासायला नाही, बाईकवर दोन किलो टमाटे आणि पेपरचा गठ्ठा घेऊन जा, तासभर बसा, काय तुटलंय ते विचारा, आणि पुढच्या वेळी ते दुरुस्त झालेलं दिसू द्या. गार्डच्या पॉईंटवर तुम्ही रात्री चक्कर मारताच ना.

हे सगळं एका महिन्यात होणार नाही. ट्रस्टची मीटिंग लागेल, ते वाद घालतील, दोन गावांचे लोक नाराज होतील की आमचा दवाखाना काहून कमी केला, त्यांच्यासमोर तुम्हीच जाऊन उभं राहायचं, पोरींना पुढे करायचं नाही.

पण एक गोष्ट उद्या होऊ शकते. ती दिवाळीला गेलेली, फोन बंद केलेली पोरगी. तुमचा पगार दीड महिना मागे चालतो म्हणजे ती गेली तेव्हा तिचा दीड महिन्याचा पगार तुमच्याकडेच राहिलेला असणार, हिशोबानं २७ हजार होतात. तिचा बँक खाता नंबर आहे तुमच्याकडे. उद्या सकाळी ते टाका, मेसेज करू नका, परत ये म्हणून फोन पण करू नका. बाकीच्या चौघींचं पण तपासा. आणि मग नवीन जाहिरातीचं बघू.